नेम लागला ते वर्ष

चष्मेवाल्याला सगळे 'नेमबाज' म्हणत, आणि म्हणताना कोणी हसू दाबत नसे. तो स्वतःही दाबत नसे. त्याच्याकडे बावीस वर्षं शिकारीचा परवाना होता. या बावीस वर्षांत आपल्या बंदुकीने काय काय टिपलं, हे तो गिऱ्हाइकांना स्वतःच हौसेने ऐकवायचा: एक पाण्याचा कॅन, मेव्हण्याच्या टोपीची कड आणि एक रानडुक्कर. डुक्कर खरंच मेलं होतं. फक्त त्याने नेम धरला होता तो शेजारच्या डुकरावर.

"दुसऱ्यांच्या डोळ्यांवर मेहनत घेतो ना," भिंग पुसता पुसता तो म्हणे, "माझ्या वाट्याला काही उरत नाही."

दुकान बाजारात होतं, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, जेमतेम दहा फूट रुंद. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमी, मागे पडदा, आणि पडद्यामागे डोळे तपासायची अंधारी खोली. ती इतकी आखूड होती की अक्षरांचा तक्ता माणसाच्या डोक्यामागे लावून समोरच्या आरशात वाचायला लावावा लागे. पुढचा भाग बायको सांभाळायची. तापलेल्या वाळूच्या डब्यात चष्म्याची दांडी धरून ती अशी वाकवायची की माणूस चष्मा कानावर आहे हे विसरून जाई. दुकान खरं तिच्या हातावर चालतं, आपण फक्त पडद्यामागे 'आता बरं दिसतंय की मघाशी?' एवढंच विचारत असतो, असं त्याचं मत होतं. आणि बायकोने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तो शिकारीला जायचा. जायचा म्हणजे जुन्या दगडखाणीच्या काठावर, फांद्यांच्या आडोशामागे, घडीच्या खुर्चीवर चार तास बसायचा. बाकीचे शिकारी वर डोंगरात चढत. याचा गुडघा खाणीपाशीच संप पुकारे. खाणीत वर्षभर थोडं पाणी असे, पण रानात ठिकठिकाणी ओढे वाहत असताना माणसांच्या रस्त्याजवळच्या त्या डबक्याकडे डुकरं कशाला फिरकतील? ती फिरकत नसत. चष्मेवाला बसून थर्मासमधला चहा संपवायचा, थोडी डुलकी काढायचा आणि ताजातवाना होऊन घरी यायचा. शिकार म्हणजे हेच, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही.

दुकानात ते आधी डोळ्यांवरूनच कळलं. धुळीने लाल झालेले डोळे चोळत माणसं येऊ लागली आणि नवा नंबर मागू लागली. नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं. रानात तर ओढ्यांच्या जागी नुसते पांढरे गोटे उरले. डुकराला घाम येत नाही, अंग थंड ठेवायला त्याला चिखलात लोळावं लागतं. आणि चिखल वाळून त्याच्या फरशा झाल्या होत्या. जमीन इतकी टणक की नाक खुपसून कंद उकरायची सोय नाही, आणि खाली गांडूळही नाही. सगळ्या रानाला पाणी उरलं ते दोन-तीन ठिकाणी. त्यातलं एक ठिकाण म्हणजे चष्मेवाल्याच्या खुर्चीसमोरचं डबकं.

पहिला नर आला तो भर दुपारी चार वाजता, चाळीस पावलांवर. येऊन सरळ पाण्यात उभा राहिला आणि प्यायला लागला. चष्मेवाल्याने बंदूक उचलली, आवाज झाला आणि डुक्कर खाली बसलं. दुसऱ्याच कोणीतरी बार काढला असणार अशी त्याची इतकी खात्री होती की आभार मानायला तो दहा मिनिटं कोणी येतंय का वाट पाहत बसला.

अकरा दिवसांत त्याने पाच डुकरं मारली. शनिवार पुरेना, म्हणून तो मधल्या वारीही जाऊ लागला.

बायकोचा धाकटा भाऊ ट्रक दुरुस्त करायचा आणि शिकारी मंडळाचा चिटणीस होता. माणूस खरा शिकारी. पायाने रान पाठ असलेला. इतकी वर्षं तो म्हणायचा की भावजी, बरोबर या, पण बंदूक गाडीतच राहू द्या. आता तोच काळे हात पुसत दुकानात आला आणि अगदी मनापासून विचारलं, "भावजी, नक्की फरक काय केलात?"

चष्मेवाल्याला 'काही नाही' म्हणता आलं असतं. ते खरंही होतं आणि लहानही होतं. पण बावीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"श्वास," तो म्हणाला. "सगळा श्वासाचा खेळ आहे."

एकदा तोंडातून गेल्यावर ते वाढतच गेलं. आठवड्याभरात श्वास अर्धा सोडायचा, मग मनात तीन मोजायचे, डावा डोळा मिटायचा नाही तर नुसता सैल सोडायचा, असं पूर्ण शास्त्र तयार झालं. शेवटचं डुक्कर सर्वांत मोठं होतं. त्याच्याबरोबरचा फोटो त्याने मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. वजन पंचाहत्तर किलो, असं तो सांगायचा. मांस चरबीशिवाय, जरा चिवट निघालं, त्याला तो 'जातिवंत' म्हणाला. मंडळाने एका रविवारी सकाळी त्याचं व्याख्यानही ठरवलं, नेम कसा सुधारावा या विषयावर. त्याने पाठकोऱ्या कागदांवर अकरा मुद्दे काढले.

याच सुमारास वनकचेरीने बैठक बोलावली. त्या वर्षी सगळ्यांनाच शिकार भरपूर मिळत होती, गेल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय रानाकडेच्या कलिंगडांचा रोज चुराडा होत होता. म्हणजे डुकरं वाढली असणार, तर परवाने वाढवावेत का, असा प्रश्न होता. अधिकाऱ्याने कोणा अनुभवी शिकाऱ्याचं मत मागितलं आणि सगळ्यांच्या माना चष्मेवाल्याकडे वळल्या. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला की बावीस वर्षं बघतोय, एवढी डुकरं आपण कधी पाहिली नाहीत. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. परवाने दीडपट झाले.

घरी येऊन त्याने हे ताठ मानेने सांगितलं. बायको फ्रेमचे स्क्रू डबीत भरत होती. तिने वर न बघता विचारलं, "बावीस वर्षांत तुम्हाला डुकरं दिसली होती तरी कधी?"

त्याने विषय बदलला.

पुढच्या बुधवारी दुपारी तपासनीस बाई दुकानात आल्या. मारलेलं प्रत्येक डुक्कर घरी नेण्याआधी नगरपालिकेच्या तपासणी शेडमध्ये न्यावं लागे. मांसात जंत नाहीत ना, हे त्या बाई बघायच्या; वजन करायच्या, दातांवरून वय लावायच्या. सतरा वर्षं हेच काम. कमी बोलणाऱ्या, आणि विनोदाला हसायच्या आधी तो तपासून घेणाऱ्या. जवळचं बारीक दिसेनासं झालंय, चष्मा लागेल बहुतेक, असं त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्याने त्यांना पडद्यामागे बसवलं. आरशातली अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मग त्याने जवळचं वाचायचं कार्ड हातात दिलं. तेही त्यांनी पूर्ण वाचलं, आणि तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं, जे चष्मेवाल्याला आजवर धूळ वाटत होतं.

"बाई, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत," तो म्हणाला. "त्यात काही मोठेपणा नाही म्हणा. पण चारचौघांपेक्षाही चांगले आहेत."

बाईंना आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं.

"म्हणजे नाहीतच," त्या म्हणाल्या.

"काय नाहीत?"

"पिल्लं."

मग त्यांनी सांगितलं. दर वर्षी या दिवसांत दहा माद्या तपासल्या की सात तरी गाभण निघत. गर्भ सुरुवातीला मण्याएवढे असतात, चार-पाच, कधी सहा. या वर्षी तेवीस माद्या उघडल्या. दोघी गाभण, आणि त्यांच्या पोटात दोन दोनच. एवढं मोठं चुकलं तर आपले डोळेच गेले असणार, असं त्यांनी धरलं होतं. चष्मा लागला असता तर बरं झालं असतं.

चष्मेवाल्याने काहीतरी हलकंफुलकं बोलायला तोंड उघडलं, आणि त्याऐवजी शेडवर कधी येऊ, असं विचारलं. हे त्याच्या बाबतीत क्वचितच घडे.

दुसऱ्या दिवशी तो शेडवर गेला. सिमेंटची उतरती जमीन, मध्ये गटाराची जाळी, छताला वजनाचा काटा. नळीला पाण्याचा जोर नव्हता, म्हणून बाई बादलीतल्या पाण्याने खराट्याने फरशी घासत होत्या. त्यांनी हात धुतले, नोंदवही उघडली आणि त्याचं शेवटचं डुक्कर काढून दाखवलं. वजन त्रेचाळीस किलो.

"दातांवरून आठ वर्षांचा," बाई म्हणाल्या. "चांगल्या वर्षी नव्वदच्या वर भरला असता. पाठीवर बोटभर चरबी असते, याला नव्हतीच. पोटात माती होती, आणि प्लास्टिकची दोरी. तो पळाला नाही, याचं तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"मला वाटलं त्याने मला पाहिलं नाही."

"पाहिलं असणार. पाण्यापासून हलायचा जीव नव्हता त्याच्यात."

आणि चष्मेवाल्याला आठवलं की डुकराने पाहिलं होतं. पिता पिता मान वर केली होती, जबड्यातून पाणी गळत होतं, आडोशाकडे सरळ बघितलं होतं आणि पुन्हा मान खाली घातली होती. हा प्रसंग चष्मेवाला मंडळात रंगवून सांगायचा, आपण किती निश्चल बसतो याचा पुरावा म्हणून.

बाकीचं त्याने उभ्या उभ्या ऐकलं. उपाशी मादी माजावर येत नाही. आली तरी पिल्लं जगवू शकत नाही. रानात डुकरं घटली होती. उरलेली सगळी दोन-तीन डबक्यांवर गोळा झाली होती, म्हणून ती जास्त दिसत होती आणि जास्त मरत होती. असंच चाललं तर पाऊस पडेल त्या वर्षी प्यायला पाणी असेल, प्यायला कोणी नसेल. बाईंनी कचेरीला दोनदा लिहिलं होतं. 'नोंद घेतली', असं उत्तर आलं होतं.

"माझं पत्र चार पानी होतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमचं एक वाक्य होतं."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. कचेरीत जाऊन शब्द मागे घ्यावेत, असं त्याला वाटत होतं; पण बावीस वर्षांच्या अनुभवी माणसाने अचानक उलटं बोलावं तर कोण ऐकणार? रविवारी साठ माणसं जमणार होती. तिथेच सांगावं म्हणाला.

बायको म्हणाली, "नुसतं सांगाल तर विनम्र वाटाल. आधी दहा गोळ्या झाडून दाखवा. मग सांगा."

म्हणून रविवारी सकाळी, मंडळाच्या सरावाच्या मैदानावर, त्याने अकरा मुद्द्यांचे कागद खिशातच ठेवले आणि चाळीस पावलांवर कागदी निशाण लावायला सांगितलं. एवढ्याच अंतरावर मी पाचही डुकरं मारली, असं त्याने आधी जाहीर केलं. मग श्वास अर्धा सोडून, मनात तीन मोजून, दहा गोळ्या झाडल्या. त्याला चुकवायचं नव्हतं. खरं तर शेवटच्या क्षणी त्याला चोरून वाटत होतं की न जाणो, लागतीलही. दोन गोळ्या कागदाच्या कडेला लागल्या. एक शेजारच्या कागदावर अगदी मधोमध लागली. उरलेल्या सात मागच्या बांधात गेल्या.

लोक पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "बघितलंत? आता सांगा, त्या डुकरांना मी मारलं कसं?"

मग त्याने त्रेचाळीस किलोंचं सांगितलं. मातीचं आणि दोरीचं सांगितलं. डुकराने बघून पुन्हा मान खाली घातली तेही सांगितलं, आणि तेव्हा कोणी हसलं नाही. कचेरीत आपण जे बोललो ते डोळ्यांना दिसलं तेवढंच होतं, आणि चष्मेवाल्याला तरी कळायला हवं होतं की दिसणं आणि बघणं यांत अंतर असतं, असं म्हणून तो खाली बसला. बाईंनी उठून आकडे वाचले. त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि सगळ्यांनी मान हलवत ऐकलं.

विरोध झालाच. कलिंगडवाला रागावला होता आणि त्याचं चूकही नव्हतं. रोज सकाळी तो मळ्यात फुटलेली फळं बघायचा, आणि इथे त्याला डुकरं कमी झाली म्हणून सांगत होते. बाईंनी त्याला समजावलं की रानात खायला-प्यायला काहीच नाही, म्हणून उरलेलं सगळं रान तुमच्या मळ्यात येतंय. कुंपण हवं, ते आपण सगळे मिळून घालू. पण मोजणी मळ्यावरून करू नका.

मैदानाबाहेर मेव्हण्याने चष्मेवाल्याला गाठलं. तो हसत नव्हता.

"भावजी, तुम्ही स्वतःची फजिती केलीत, ते ठीक आहे. तुम्हाला सवय आहे, आणि आवडतंही. पण आज साठ माणसांना सांगितलंत की त्यांनी मारलेलं जनावर आयतं उभं होतं. मला पण."

आपल्यावर हसताना शेजारी कोण उभं आहे हे बघायचं असतं, हे चष्मेवाल्याला कधी सुचलंच नव्हतं. आणि 'आवडतंही' हा शब्द पुढे बरेच दिवस त्याला टोचत राहिला, कारण तो खरा होता. फजिती हा त्याचा फार जुना, सोयीचा कोट होता. तो घातला की कोणी दुसरं काही विचारत नसे.

सोमवारी तो बाईंबरोबर कचेरीत गेला आणि स्वतःचं वाक्य लेखी मागे घेतलं. अधिकाऱ्याने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. तो चष्माही चष्मेवाल्यानेच दिलेला होता आणि जरा तिरका बसला होता. तीन आठवड्यांनी हुकूम निघाला: वाढीव परवाने रद्द, माद्या मारायच्या नाहीत, आणि पाण्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत बंदूक चालवायची नाही. चष्मेवाल्याची खुर्चीच त्या हद्दीत येत होती. त्याने दुकानाच्या काचेतला फोटो काढला. काढताना दोन मिनिटं बघत उभा राहिला. फोटो खरोखर चांगला आला होता. फेकवेना. शेवटी मोडक्या फ्रेमींच्या खणात ठेवला.

मेव्हणा घरी यायचा बंद झाला. बहिणीशी फोनवर बोलायचा, आणि 'ते कसे आहेत' असं विचारायचा. पण कलिंगडवाल्याच्या मळ्याला तारेचं कुंपण घातलं गेलं तेव्हा लोखंडी खांबांचं सगळं जोडकाम त्यानेच केलं, हे चष्मेवाल्याला बाईंकडून कळलं. तोही खड्डे खणायला गेला होता, पण मळ्याच्या दुसऱ्या टोकाला.

त्यापुढच्या वर्षी पाऊस झाला. लोकांना वाटलं, आता डुकरं परत येतील. आली नाहीत. त्या हंगामात सगळ्या मंडळाला मिळून नऊ नर मिळाले. लोक दुकानासमोर थांबून विचारायचे, "काय, तुमची डुकरं कुठे गेली?" नेमबाज हे नाव मागे पडलं आणि रानातल्या सगळ्या डुकरांचा तो पालक झाला. बाई म्हणत होत्या, थांबा. मादीच्या अंगावर आधी मांस चढलं पाहिजे. माद्या मारायला बंदी असल्याने त्यांना आता आत काय चाललंय ते दिसतही नव्हतं. मग एकदा मोठ्या रस्त्यावर एक मादी ट्रकखाली आली. बाईंनी तिला तपासलं आणि संध्याकाळी दुकानात येऊन सांगितलं: अंगावर दीड बोट चरबी, पोटात सहा. यावर आनंद मानावा की काय करावं, ते दोघांनाही कळेना. बाई म्हणाल्या, मी हात दोनदा धुतले आणि मग एकटीच हसले. बायकोने त्यांच्यासाठी चहा टाकला.

आणखी काही महिन्यांनी, एका दुपारी, दुकानासमोर एक ट्रक उभा राहिला. मेव्हणा खाली उतरला नाही. खिडकीतून बहिणीला म्हणाला, दुकान तासभर बंद कर. मग जरा थांबून म्हणाला, "भावजी, तुम्हीपण चला."

तिघं केबिनमध्ये दाटीवाटीने बसले, बायको मधे. मळ्याच्या पलीकडे, रानाच्या कच्च्या रस्त्यावर मेव्हण्याने ट्रक थांबवला आणि इंजिन बंद केलं. ते बराच वेळ बसले. चष्मेवाल्याच्या गुडघ्याला कळ लागली, पण तो हलला नाही.

झुडपातून एक मादी बाहेर आली. पोटापर्यंत ओला चिखल, अंगाने भरलेली. रस्त्याच्या मधोमध थांबून तिने ट्रककडे बघितलं, नाक उंचावून वास घेतला आणि पलीकडे गेली. मागोमाग पिल्लं, अंगावर पट्टे असलेली, एकमेकांना धक्के देत, चाकाच्या चाकोरीत पडत, उठत. बायकोने बोटं मोडून मोजली. सात. ती पलीकडच्या गवतात शिरल्यावर आठवं आलं, रस्त्यात काहीतरी हुंगत बसलं, आणि मग एकदम धूम पळालं.

"चार तरी जगतील," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला.

"बाई पाच म्हणतील," चष्मेवाला म्हणाला.

मेव्हण्याने त्याच्याकडे बघितलं, मग गवताकडे बघितलं. ती सगळी मळ्याच्याच दिशेने गेली होती. कुंपणाची सर्वांत खालची तार वीतभर वर होती, आणि एवढीशी पिल्लं तिच्याखालून सहज जातील, असं तो म्हणाला. मग त्याने किल्ली फिरवली आणि ते तिघं कलिंगडवाल्याला ते सांगायला गेले.